मत्स्यशास्त्रज्ञ ते विद्यापीठाध्यक्ष : डॉ. डेव्हिड स्टार जॉर्डन यांचे चरित्र

विद्येची उपासना करणारा पंडित आणि संस्थेचा गाडा ओढणारा कार्यकर्ता हे दोघे एकाच देहात सुखाने नांदल्याची उदाहरणे फार थोडी. पंडिताला एकांत हवा असतो. संस्थाचालकाच्या वाट्याला एकांत येत नाही. पंडित एका प्रश्नामागे आयुष्य वेचू शकतो. संस्थाचालकाच्या दाराशी रोज सकाळी दहा नवे प्रश्न उभे असतात. म्हणूनच एखाद्या नामांकित अध्यापकाला अध्यक्षाच्या खुर्चीवर बसविले की एक चांगला शिक्षक गमावला आणि एक सामान्य कारभारी पदरी पडला, अशी हळहळ पुष्कळदा ऐकू येते. या समजुतीला ज्यांचे चरित्र मोठा अपवाद ठरले, त्या डॉ. डेव्हिड स्टार जॉर्डन (१८५१–१९३१) या अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञाची ओळख या लेखात करून द्यावयाची आहे.

आज अमेरिकेत लक्षावधी मुले-मुली पदवी-शिक्षणाची पहिली दोन वर्षे आपल्या गावाजवळच्या कम्युनिटी कॉलेजात अल्प खर्चात पुरी करतात. या द्विवर्षीय महाविद्यालयांच्या कल्पनेला ज्या थोड्या विद्वानांनी आरंभीच्या काळात आपल्या नावाचे वजन दिले, त्यांत जॉर्डन अग्रभागी होते. परंतु याच पुरुषाने मनुष्यजातीविषयी असे काही मत उराशी बाळगले व फैलावले की, त्यापायी हजारो निरपराध माणसांचे अपरिमित नुकसान झाले. चरित्र वाचावयाचे ते केवळ आरती ओवाळण्यासाठी नव्हे. ज्या हातांनी दार उघडले, तेच हात दुसरे दार लावूनही घेत होते; या दोन्ही गोष्टी सारख्याच लक्षपूर्वक पाहणे हे आपल्यासारख्या, मुलांच्या शिक्षणाची चिंता वाहणाऱ्या कुटुंबांना अधिक उपयोगाचे आहे.

बालपण व विद्यार्जन

न्यूयॉर्क राज्यातील गेन्सव्हिल या लहानशा गावाजवळ एका शेतकरी कुटुंबात १९ जानेवारी १८५१ रोजी जॉर्डन यांचा जन्म झाला. वडिलांचे नाव हायरम व आईचे हल्डा. ‘स्टार’ हे मधले नाव जन्मनाव नव्हे; ते त्यांनी पुढे स्वतः धारण केले. थॉमस स्टार किंग नावाच्या धर्मोपदेशकाविषयी आईला फार आदर होता, आणि मुलाला तर आकाशातील ताऱ्यांचे वेडच होते. त्या इंग्रजी शब्दात दोन्ही गोष्टी साधल्या. रात्री शेतावर उभे राहून ताऱ्यांची नावे पाठ करावयाची, पुढे नकाशे काढावयाचे, त्यानंतर रानफुलांची यादी करावयाची, असा या मुलाचा क्रम होता. सृष्टीतील प्रत्येक वस्तूला तिचे नाव व तिची जागा मिळालीच पाहिजे, हा ध्यास बालपणापासूनचा. त्याचे पुढे फळही मिळाले आणि त्यातून अनर्थही ओढवला.

डेव्हिड ११ वर्षांचे असताना, १८६२ साली, थोरले बंधू रूफस अमेरिकेच्या यादवी युद्धात सैन्यात दाखल झाले आणि लवकरच छावणीतील तापाने मृत्यू पावले. रणांगणावर पराक्रम गाजविण्याची वेळही त्या तरुणावर आली नाही. या आघाताची खूण जॉर्डन यांच्या मनावरून कधी पुसली गेली नाही. पुढील आयुष्यात ते युद्धाचे कट्टर विरोधक झाले, त्याचे मूळ येथे आहे.

गावात मुलांसाठी चांगली माध्यमिक शाळा नव्हती; म्हणून आईवडिलांनी त्यांना मुलींच्या विद्यालयात घातले. त्या काळी ही गोष्ट विलक्षणच म्हटली पाहिजे. १८६९ साली ते नव्यानेच निघालेल्या कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाले. जातपात, पंथ वा कुळ न पाहता कोणालाही कोणताही विषय शिकता यावा, या हेतूने ते विद्यापीठ स्थापन झाले होते. घरची स्थिती बेताची. ‘कमवा आणि शिका’ हे आपल्याकडे पुढे रूढ झालेले सूत्र जॉर्डन यांनी तेथे प्रत्यक्ष आचरिले. अंगमेहनतीची कामे करून त्यांनी शिक्षणाचा खर्च भागविला. त्यांची गती अशी की, विद्यार्थी असतानाच त्यांच्याकडे वनस्पतिशास्त्र शिकविण्याचे काम सोपविण्यात आले, आणि १८७२ साली त्यांना एकदम एम. एस. ही पदवी मिळाली.

पेनिकीज बेटावरील गुरुकुल

जॉर्डन यांच्या आयुष्याला दिशा लावणारी घटना १८७३ च्या उन्हाळ्यात घडली. लुई अगासी हे त्या काळचे जगद्विख्यात निसर्गशास्त्रज्ञ. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरील पेनिकीज नावाचे बेट व ५० हजार डॉलर अँडरसन नामक धनिकाने त्यांना देऊ केले, आणि त्या बेटावर अगासींनी शिक्षक-शिक्षिकांसाठी उन्हाळी शाळा उघडली. तेथे पुस्तकांना दुय्यम स्थान होते. समोर मासा ठेवावयाचा आणि तो पाहावयाचा. पाहून झाले असे वाटले की पुन्हा पाहावयाचा, अशी ती पद्धत. सृष्टी हाच ग्रंथ, हा तेथील गुरुमंत्र होता. मत्स्यशास्त्राची वाट जॉर्डन यांना याच बेटावर गवसली. सुसान बोवेन या तरुण शिक्षिकेची भेटही तेथेच झाली व १८७५ साली त्यांचा विवाह झाला.

१८७३ च्या डिसेंबरात अगासी वारले. शिष्याने गुरूची निरीक्षणपद्धती जन्मभर सांभाळली. गुरूने अखेरपर्यंत नाकारलेला डार्विनचा उत्क्रांतिवाद मात्र शिष्याने पुढे स्वीकारला. येथे त्यांची बुद्धी स्वतंत्र राहिली. मानवी वंशांत जन्मजात उच्चनीचता असते, हाही अगासींचा एक ग्रह होता. त्या ग्रहाचा अंश शिष्याकडे आला आणि तेथे मात्र त्या स्वतंत्र बुद्धीने साथ दिली नाही.

अध्यापकाची भ्रमंती

१८७२ ते १८७९ या सात वर्षांत जॉर्डन यांनी इलिनॉयमधील लोम्बार्ड, विस्कॉन्सिनमधील ॲपलटन, इंडियानापोलिस येथील हायस्कूल आणि पुढे बटलर या नावाने प्रसिद्धीस आलेले विद्यापीठ अशा एकामागून एक संस्थांत अध्यापन केले. मधल्या काळात वैद्यकाची पदवीही मिळविली. १८७९ मध्ये ब्लूमिंग्टन येथील इंडियाना विद्यापीठात ते प्राणिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. ही वणवण व्यर्थ गेली असे कोणी म्हणू नये. हायस्कूल कोठे संपते, महाविद्यालय कोठे सुरू होते, आणि या दोहोंच्या मधल्या दरीत किती होतकरू मुले नाहीशी होतात, हे त्यांनी त्या काळात जवळून पाहिले.

शिक्षक म्हणून त्यांची ख्याती मोठी होती. नदीनाल्यांत जाळे घेऊन उतरणे, विद्यार्थ्यांसह डोंगर-दऱ्या पायी तुडविणे, हाच त्यांचा वर्ग. १८८१ साली तर विद्यार्थ्यांना घेऊन ते युरोपात मॅटरहॉर्न शिखर चढून गेले. १८८० मध्ये चार्ल्स गिल्बर्ट या शिष्यासह त्यांनी पॅसिफिक किनाऱ्यावरील माशांची सरकारी पाहणी केली. त्याच प्रवासात सॅन दिएगो येथील रोझा स्मिथ या तरुणीचे मत्स्यविषयक काम त्यांच्या नजरेस आले. त्यांनी तिला शिकण्यासाठी इंडियानास बोलावून घेतले. पुढे त्या नामांकित मत्स्यशास्त्रज्ञ झाल्या.

जुलै १८८३ मध्ये विद्यापीठाच्या विज्ञानमंदिरावर वीज पडून आग लागली. वर्षानुवर्षे जमविलेले माशांचे नमुने, ग्रंथ, टिपणे, सर्व काही भस्मसात झाले. दुसरा एखादा खचला असता. जॉर्डन यांनी पुन्हा जाळे खांद्यावर टाकले आणि पहिल्यापासून आरंभ केला.

अध्यक्षपदाचा स्वीकार

१८८४ च्या अखेरीस इंडियाना विद्यापीठाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला व विश्वस्तांनी जॉर्डन यांची निवड केली. १८८५ च्या आरंभी, वयाच्या ३४ व्या वर्षाच्या उंबरठ्यावर, त्यांनी सूत्रे हाती घेतली. त्यांच्या पूर्वीचे सर्व अध्यक्ष धर्मोपदेशक होते. शास्त्रज्ञाला त्या जागी बसविण्याचा हा तेथील पहिलाच प्रसंग. त्याच वर्षी पत्नी सुसान यांचे निधन झाले व लहान मुलांचा भार एकट्यावर आला. १८८७ साली त्यांनी जेसी नाइट यांच्याशी दुसरा विवाह केला.

अध्यापकाच्या खुर्चीवरून अध्यक्षाच्या खुर्चीवर येताना माणूस काय बरोबर आणतो, यावर त्याचे यश अवलंबून असते. जॉर्डन यांनी आपली निरीक्षणाची सवय बरोबर आणली. सर्व विद्यार्थ्यांना ग्रीक-लॅटिनचा एकच साचा बसविण्याची जुनी रीत त्यांनी मोडली. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या आवडीचा एक मुख्य विषय निवडावा आणि त्या विषयाच्या प्राध्यापकाने त्याचा मार्गदर्शक व्हावे, अशी व्यवस्था त्यांनी लावली. बाहेरचे मोठे पंडित आणावयास पैसा नव्हता. तेव्हा विद्यापीठाच्याच हुशार पदवीधरांना उच्च शिक्षणासाठी बाहेर जाण्यास प्रोत्साहन देऊन त्यांना प्राध्यापक म्हणून परत घेण्याचा मार्ग त्यांनी काढला. राज्यभर फिरून व्याख्याने दिली आणि उच्च शिक्षण हे केवळ धर्मोपदेशकांचे व वकिलांचे भूषण नसून शेतकऱ्याच्या मुलाचाही हक्क आहे, हे लोकांना पटविले.

मासे मात्र सुटले नाहीत. विद्यार्थ्याचे एक नाव लक्षात ठेवावे तर माशाचे एक नाव विसरते, अशी त्यांची थट्टायुक्त तक्रार असे, असे सांगतात. वस्तुतः त्यांनी कारभार सांभाळून संशोधन चालू ठेवले. एव्हरमन या सहकाऱ्यासह लिहिलेला उत्तर व मध्य अमेरिकेतील माशांवरील चार खंडांचा ग्रंथ १८९६ ते १९०० या काळात प्रसिद्ध झाला. म्हणजे जॉर्डन त्या वेळी अध्यक्षपदाच्या अतिशय बिकट दिवसांतून जात होते. ते व त्यांचे शिष्य-सहकारी यांनी मिळून नाव दिलेल्या माशांच्या जातींची गणना सुमारे २,५०० पर्यंत पोहोचते.

पुत्रशोकातून उभे राहिलेले विद्यापीठ

कॅलिफोर्नियाचे रेल्वेसम्राट व सिनेटर लीलंड स्टॅनफर्ड यांचा एकुलता एक पुत्र १८८४ साली फ्लॉरेन्स येथे विषमज्वराने वयाच्या १५ व्या वर्षी निवर्तला. कॅलिफोर्नियातील मुलांनाच आपली मुले मानावयाचे, असा संकल्प शोकाकुल दांपत्याने केला आणि पालो आल्टो येथील ८ हजार एकरांहून अधिक जमिनीवर पुत्राच्या नावे विद्यापीठ उभारले. अध्यक्ष कोणास करावे? कॉर्नेलचे माजी अध्यक्ष अँड्र्यू व्हाइट यांनी आपल्या जुन्या विद्यार्थ्याचे, जॉर्डन यांचे नाव सुचविले. मार्च १८९१ मध्ये सिनेटर पत्नीसह स्वतः ब्लूमिंग्टनला आले आणि जॉर्डन यांनी होकार दिला. १ ऑक्टोबर १८९१ रोजी विद्यापीठ सुरू झाले व पहिल्याच वर्षी विद्यार्थिसंख्या साडेपाचशेहून अधिक झाली. मुले-मुली एकत्र शिकत. कोणत्याही पंथाचे बंधन नव्हते, आणि १९२० पर्यंत शिकवणीची फी नव्हती. पुढच्याच वर्षी समुद्रकाठी पॅसिफिक ग्रोव्ह येथे जीवशास्त्राची प्रयोगशाळा निघाली. पेनिकीज बेटावरील गुरुकुलाचाच तो नवा अवतार होता.

परंतु दोन वर्षे झाली नाहीत तोच, जून १८९३ मध्ये, सिनेटर स्टॅनफर्ड वारले. इस्टेट न्यायालयाच्या ताब्यात अडकली. रेल्वेला दिलेल्या कर्जापोटी सरकारने १ कोटी ५० लाख डॉलरचा दावा लावला. विद्यापीठ बंद करावे, असा सल्ला अनेकांनी दिला. या वेळी विधवा जेन स्टॅनफर्डबाईंनी जे धैर्य दाखविले त्याला तोड नाही. घरखर्चासाठी न्यायालयाने दरमहा १० हजार डॉलर मंजूर केले होते. प्राध्यापक हे बाईंच्या घरच्या नोकरवर्गातच मोजावेत, अशी तोड काढण्यात आली आणि बाईंनी आपला खर्च आखडून ती रक्कम विद्यापीठाकडे वळविली. प्राध्यापकांचे पगार कापले गेले. तरी जॉर्डन यांनी त्यांना धीर देऊन एकत्र ठेवले. १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा दावा फेटाळला. तरीही पैशाची चणचण होतीच. १८९७ मध्ये बाई आपले जडजवाहीर विकण्यासाठी लंडनला गेल्या. मनासारखी किंमत न आल्याने परत आल्या. पुढे त्या दागिन्यांतून ग्रंथालयासाठी कायम निधी झाला, तो अद्याप ‘ज्वेल फंड’ या नावाने ओळखला जातो.

दात्याच्या एकट्या इच्छेवर चालणाऱ्या संस्थेचे दुखणेही जॉर्डन यांना भोगावे लागले. १८९९ मध्ये बाईंनी विद्यार्थिनींची संख्या ५०० च्या वर जाऊ नये असे बंधन घातले. अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडवर्ड रॉस यांची राजकीय मते त्यांना रुचेनात. त्यांना काढावे, असा त्यांचा आग्रह पडला. जॉर्डन यांनी काही काळ रदबदली केली, परंतु अखेर १९०० साली ते नमले. रॉस गेले आणि त्यांच्या पाठोपाठ आणखी काही प्राध्यापक निषेध म्हणून बाहेर पडले. संस्था वाचवावी की तत्त्व, या पेचात अध्यक्षाने संस्था निवडली. त्याचा डाग राहिला तो राहिलाच.

१९०५ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्को येथे बाईंच्या पिण्याच्या पाण्यात विष आढळले. त्या बचावल्या, परंतु २८ फेब्रुवारी रोजी होनोलुलू येथे त्यांचा अकस्मात मृत्यू झाला. तेथील चौकशी-मंडळाने स्ट्रिक्निन या विषाने मृत्यू झाल्याचा निर्णय दिला. जॉर्डन तेथे गेले, स्वतः एक डॉक्टर नेमला आणि हृदयक्रिया बंद पडून मृत्यू झाल्याचे जाहीर केले. दीर्घकाळ तेच खरे मानले गेले. २००३ व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांनी मात्र विषप्रयोगाचाच निष्कर्ष उचलून धरला आहे. अपराधी कोण हे कधीच शाबीत झाले नाही. परंतु संस्थेच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून अध्यक्षांनी सत्य झाकले, असा ठपका जॉर्डन यांच्यावर येतो.

पुढच्याच वर्षी, १८ एप्रिल १९०६ रोजी, भूकंपाने विद्यापीठाच्या अनेक इमारती कोसळल्या. प्राणिशास्त्राच्या इमारतीवरील अगासींचा संगमरवरी पुतळा डोके खाली करून फरसबंदीत रुतला. नमुन्यांच्या बाटल्या फुटल्या. आगीनंतर जसे केले, तसेच भूकंपानंतरही जॉर्डन यांनी पुन्हा उभारणीस हात घातला.

द्विवर्षीय महाविद्यालयांचा पुरस्कार

या उभारणीच्या काळातच, १९०७ साली, जॉर्डन यांनी आपल्या विश्वस्तांपुढे एक धाडसी सूचना मांडली. स्टॅनफर्डने पहिल्या दोन वर्षांचे वर्ग बंद करावेत आणि ते शिक्षण अन्य महाविद्यालयांकडे व हायस्कुलांकडे सोपवावे. अशा महाविद्यालयाला ‘ज्युनिअर कॉलेज’ हे नाव. आपल्याकडील अकरावी-बारावीशी त्याची गल्लत करू नये. हायस्कूलनंतरची, पदवी-अभ्यासक्रमाची पहिली दोन वर्षे असा त्याचा अर्थ. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष हार्पर यांनी या कल्पनेला आधी चालना दिली होती, आणि इलिनॉयमधील जोलिएट येथे १९०१ पासून असे वर्ग भरू लागले होते. कॅलिफोर्नियात मात्र हे नाव व ही कल्पना लोकांच्या तोंडी बसविण्याचे श्रेय मुख्यतः जॉर्डन यांना आणि बर्कली येथील शिक्षणशास्त्रज्ञ अलेक्सिस लँग यांना दिले जाते.

स्टॅनफर्डच्या विश्वस्तांनी ती सूचना मान्य केली नाही. परंतु त्याच १९०७ साली सिनेटर कॅमिनेटी यांच्या प्रयत्नाने कॅलिफोर्नियात कायदा झाला व हायस्कुलांना आणखी दोन वर्षांचे उच्च शिक्षण देण्याची मुभा मिळाली. फ्रेस्नो हे शेतीप्रधान गाव. सुमारे २०० मैलांच्या टापूत उच्च शिक्षणाची एकही संस्था नव्हती. तेथील शाळाधिकारी मॅक्लेन यांनी जॉर्डन व लँग यांचा सल्ला व पाठिंबा मिळविला, आणि १९१० मध्ये कॅलिफोर्नियातील पहिले ज्युनिअर कॉलेज फ्रेस्नोत सुरू झाले. १९१७ व १९२१ च्या कायद्यांनी त्यांना सरकारी पैसा व स्वतंत्र अस्तित्व दिले. १९४७ साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या उच्च शिक्षण आयोगाने ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव पुरस्कारिले. आज एकट्या कॅलिफोर्नियात अशी शंभराहून अधिक महाविद्यालये आहेत.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. जॉर्डन यांचा हेतू सर्वस्वी लोकसेवेचा होता असे म्हणता येत नाही. विद्यापीठात केवळ निवडक, प्रौढ, संशोधनास लायक विद्यार्थी असावेत. बाकीच्यांचा भार दुसऱ्यांनी उचलावा, हाही त्यांचा विचार होता. म्हणजे त्यांनी योजिली ती एक चाळणी. परंतु गावोगावच्या लोकांनी ती हाती घेतली आणि तिचे दार बनविले. शेतकऱ्याचा मुलगा रात्री घरी जेवून सकाळी वर्गाला जाऊ लागला. दूरच्या शहरी धाडण्यास आईबाप कचरत अशी मुलगीही शिकू लागली. दिवसा कामावर जाणारा मनुष्य संध्याकाळच्या वर्गाला बसू लागला. योजनेचे भवितव्य योजकाच्या हेतूपेक्षा ती वापरणाऱ्या लोकांच्या गरजेने ठरते, याचे हे ठळक उदाहरण होय.

शांतिदूत आणि वंशाभिमानी

१९१३ मध्ये जॉर्डन अध्यक्षपदावरून निवृत्त झाले व १९१६ पर्यंत कुलपती राहिले. या सुमारास त्यांनी जागतिक शांततेच्या कार्याला वाहून घेतले. अमेरिकेने पहिल्या महायुद्धात उतरू नये म्हणून ते सभांतून बोलत राहिले व त्यापायी लोकांचा रोषही त्यांनी सोसला.

परंतु त्यांच्या शांतिवादाच्या मुळाशी एक भ्रामक सिद्धांत होता. युद्धात धट्टेकट्टे व शूर पुरुष मरतात, दुबळे मागे राहतात व त्यांचीच प्रजा वाढते. सबब युद्धाने राष्ट्राचे रक्त नासते, असे त्यांनी १९०२ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात प्रतिपादिले. बंधूच्या मृत्यूची वेदना खरी होती. तिच्यावर रचलेले शास्त्र खोटे होते. माणसांची प्रतवारी रक्तावरून लागते असे एकदा धरले की पुढची पायरी दूर नसते. सुप्रजननवाद्यांच्या पहिल्या अमेरिकन समितीचे अध्यक्षपद १९०६ मध्ये त्यांनी स्वीकारले. गरीब, मंदबुद्धी व रोगी ठरविलेल्या माणसांना संतती होऊ देऊ नये, या मताला त्यांनी शास्त्रज्ञ म्हणून आपले वजन दिले. १९०७ साली इंडियानाने सक्तीच्या नसबंदीचा जगातील पहिला कायदा केला. १९०९ मध्ये कॅलिफोर्नियानेही केला. एकट्या कॅलिफोर्नियात सुमारे २० हजार स्त्री-पुरुषांवर या कायद्याखाली शस्त्रक्रिया झाल्या. तो कायदा १९७९ मध्ये रद्द झाला. या कार्याचा प्रचार करणाऱ्या पॅसाडेना येथील प्रतिष्ठानाचे जॉर्डन वृद्धापकाळी विश्वस्त होते.

हा शास्त्रज्ञ कोठे चुकला? मासा समोर ठेवून पुन्हा पुन्हा पाहावा, हे गुरूने शिकविले होते. माणसांच्या बाबतीत जॉर्डन यांनी तसे पाहिलेच नाही. दारिद्र्य, रोगराई, शाळेचा अभाव यांची फळे त्यांनी रक्ताच्या माथी मारली. स्वतः गरीब शेतकऱ्याचा मुलगा, मुलींच्या शाळेत आश्रय घेऊन शिकलेला. संधी मिळाली म्हणून विद्यापीठाध्यक्ष झाला. आपल्याच चरित्रातला हा धडा त्यांना वाचता आला नाही, याहून मोठे दुर्दैव ते कोणते? शास्त्राचा न्यायही पाहण्याजोगा आहे. ज्या ‘मासा’ या वर्गावर त्यांनी आयुष्य वेचले, तो एकसंध नैसर्गिक गट नाही, असे आजचे जीवशास्त्र मानते. वंशवृक्षात फुप्फुसाने श्वास घेणारा फुप्फुसमासा हा सामन माशापेक्षा गाईला अधिक जवळचा आहे. पाण्यातील प्राण्यांच्या कप्प्यांची ही गत. मग माणसांना उच्च-नीच कप्प्यांत बसविण्याचा अधिकार कोणी कोणास दिला?

उपसंहार

१९२२ साली जॉर्डन यांचे दोन खंडांतील आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. १९ सप्टेंबर १९३१ रोजी स्टॅनफर्ड येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावे शाळा, रस्ते, इमारती झाल्या. पुढे विचार पालटला. २०१८ मध्ये पालो आल्टो येथील शाळेचे नाव बदलले; २०२० मध्ये स्टॅनफर्ड व इंडियाना या दोन्ही विद्यापीठांनी आपापल्या इमारतींवरील त्यांचे नाव काढण्याचा निर्णय घेतला. ज्या दोन संस्था त्यांनी वाढविल्या, त्यांनीच हा निर्णय करावा, हे कालाचे कठोर पण न्याय्य लेखापरीक्षण होय. तरी गावोगावची ती द्विवर्षीय महाविद्यालये चालूच आहेत. तेथे प्रवेश घेणाऱ्या मुलाला त्याचे रक्त कोणी विचारीत नाही.

शिष्यवृत्त्या देणे, वसतिगृहे चालविणे, गुणवंत मुलामुलींचा सत्कार करणे ही आपल्यासारख्या मंडळांची नित्याची कामे आहेत, आणि ती पुण्याची आहेत. जॉर्डन यांच्या चरित्रातून या कामासाठी दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. पहिली ही की, जळालेले पुन्हा उभारण्याची चिकाटी आणि शिक्षण मुलाच्या दाराशी नेण्याची दृष्टी ज्याच्यापाशी आहे, तो विद्येपासून दूर न जाताही संस्था चालवू शकतो. दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. कुळाचा अभिमान माणसाला कर्तव्याची आठवण देण्यापुरता असावा. तो दुसऱ्याला मोजण्याचे माप झाला की मोठमोठ्या पंडितांचीही दृष्टी अधू होते. आपल्या मुलांना पुढे नेताना शेजारच्या मुलासाठीही दार उघडे राहील एवढी दक्षता आपण घेतली, तर या थोर व सदोष पुरुषाचे चरित्र वाचल्याचे सार्थक होईल.